खरे बोलणारा स्पीकर

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. त्या काळी गायिकेने कर्ण्यापुढे उभे राहून मोठ्याने गावयाचे, तो आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला जावयाचा आणि पुढे त्या तबकडीवरून ध्वनिमुद्रिका तयार व्हावयाच्या त्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी. मुद्रिका समुद्रमार्गे परत येईपर्यंत आपले गाणे कसे उतरले आहे याचा निवाडा करण्याची सोय गायिकेपाशी नव्हती.

आज हीच सारी क्रिया घरातल्या एका खोलीत घडते. एक मायक्रोफोन, एक संगणक आणि त्या दोहोंना जोडणारी एक लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर गायनाचे शिक्षक आपल्या बंदिशी मुद्रित करतात, अभिवाचक संपूर्ण कादंबरी वाचून काढतात, आणि इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घरातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जतन करून ठेवतात. मात्र पूर्वी काचेपलीकडे बसलेला अनुभवी ध्वनिमुद्रक जो निर्णय घेत असे, तो निर्णय आता कलावंताच्या किंवा हौशी माणसाच्या अंगावर येऊन पडला आहे. आवाज कोठे जाड झाला, कोठे पातळ झाला, तबला गाण्यावर चढला की मागे राहिला, हे त्याने स्वतःच्या कानांनी ठरवावयाचे असते. आणि कानांना जे कळते ते स्पीकर सांगेल तेवढेच. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणासाठी स्पीकर कोणता घ्यावा, आणि तोही बेताच्या पैशांत, या प्रश्नाला महत्त्व आहे.

प्रथम ‘मॉनिटर स्पीकर’ म्हणजे काय हे पाहणे इष्ट. गाणी ऐकण्यासाठी दिवाणखान्यात ठेवावयाचा स्पीकर ऐकणाऱ्याला आनंद देण्यासाठी बनविलेला असतो. त्यासाठी त्याचा निर्माता खर्जातील स्वर थोडे भरदार करतो, वरच्या पट्टीतील स्वरांना थोडी झळाळी देतो. ऐकणारा खूश होतो आणि त्यात गैर काही नाही. मॉनिटर स्पीकरचे काम वेगळे. मुद्रणात जे असेल ते, कमी नाही आणि अधिक नाही, असे त्याने सांगावयाचे असते. आवाजात दोष असेल तर तो दोषही त्याने लपवू नये.

ही भिन्नता केवळ आवडीनिवडीची असती तर गोष्ट वेगळी होती. स्पीकरने सांगितलेले खोटे मुद्रणात उलटे होऊन उतरते, ही यातली खरी अडचण आहे. ज्या आचाऱ्याच्या जिभेला प्रत्येक पदार्थ खारट लागतो तो मीठ कमी घालील, आणि पंगतीतल्या लोकांना मात्र सारे जेवण अळणी लागेल. त्याचप्रमाणे ज्याचा स्पीकर खर्ज फुगवून ऐकवितो तो मनुष्य मुद्रणातील खर्ज कापीत जातो. त्याच्या खोलीत गाणे समतोल वाटते. पण तेच गाणे दुसऱ्याच्या घरी वाजले की तंबोरा पोकळ आणि गायकाचा आवाज किरटा लागतो. बिचाऱ्याने कष्ट सर्व केलेले असतात, फक्त त्याला मिळालेली साक्ष खोटी असते.

तर मग खरी साक्ष देणारा स्पीकर मोठा आणि महागच असला पाहिजे काय? ध्वनिमुद्रणाचा इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने, म्हणजे बीबीसीने, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘एलएस ३/५ए’ नावाचा एक लहान स्पीकर तयार केला. बाहेरगावच्या कार्यक्रमांच्या ध्वनिक्षेपणासाठी जी मोटारगाडी जाई, तिच्यातील अपुऱ्या जागेत मोठा स्पीकर मावत नसे आणि हेडफोनवर भागत नसे. त्या गरजेतून हा स्पीकर जन्मास आला. त्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर आणि त्यातील मोठा शंकू सुमारे पाच इंचांचा. स्पीकर पारखण्याची त्या संस्थेतील अभियंत्यांची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधून आलेला आवाज ते जवळजवळ ठेवून ऐकत, आणि या परीक्षेत माणसाच्या बोलण्याला मोठे स्थान असे. कारण वाद्य कसे वाजते हे सर्वांना ठाऊक नसते, परंतु माणूस कसा बोलतो हे प्रत्येक कानाला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण जपानचे. यामाहा कंपनीने १९७८ साली ‘एनएस-१०’ हा स्पीकर घरगुती उपयोगासाठी बाजारात आणला. घरांत त्याचे फारसे स्वागत झाले नाही, कारण त्याचा खर्ज तोकडा आणि मधल्या पट्टीचा आवाज काहीसा टोचणारा होता. परंतु १९८० नंतरच्या दशकात जगभरच्या स्टुडिओंत त्याचा पांढरा शंकू दिसू लागला. घरात नकोसा झालेला तो टोचरेपणा स्टुडिओत उपयोगी पडला. गायकाचा आवाज, शब्दांची स्पष्टता, वाद्यांची गर्दी या साऱ्या गोष्टी ज्या मधल्या पट्टीत वसतात, तेथील दोष हा स्पीकर निर्दयपणे उघडे पाडी. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले, तोवर असंख्य ध्वनिमुद्रकांचे कान त्याच्यावर तयार झाले होते. हा स्पीकर काही निर्दोष नव्हता. त्याचे दोष सर्वांना माहीत होते, आणि माहीत असलेल्या दोषाचा हिशेब धरता येतो.

आता घरातील खोलीकडे वळू. स्पीकरची चर्चा करताना जिचा विसर पडतो ती हीच, आणि पुष्कळदा स्पीकरपेक्षा अधिक खोटे बोलते तीही हीच. आपल्याकडच्या शहरांतील सदनिकेत यासाठी मिळून मिळून मिळते ती १२ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी खोली. विटांच्या गिलावा केलेल्या भिंती, वर सिमेंटचे छत, खाली फरशी. यांपैकी कोणतीही वस्तू ध्वनी शोषून घेत नाही. स्पीकरमधून निघालेली ध्वनिलहर भिंतीवर आपटून परतते आणि मागून येणाऱ्या लहरीत मिसळते. काही विशिष्ट स्वरांच्या बाबतीत हे मिसळणे असे जुळते की खोलीतील काही जागी तो स्वर फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. प्रत्येक खोलीला असे आपले स्वतःचे सूर असतात.

ते काढण्याचे गणित सोपे आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. खोलीची लांबी दुप्पट करून तिने या वेगाला भागले की पहिला सूर मिळतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणून पहिला सूर सुमारे ४७ हर्ट्‌झचा, आणि त्याच्या पटीतले पुढचे ९४ आणि १४१ हर्ट्‌झचे. १० फूट रुंदीचे सूर ५६ आणि ११२ हर्ट्‌झपाशी येतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो. म्हणजे या खोलीत प्रत्यक्ष ‘सा’ खोलीच्या तिसऱ्या सुराजवळ येऊन बसतो! गणिताप्रमाणे पाहिले तर खोलीच्या लांबीच्या ऐन मध्यावर बसलेल्या माणसाला तो षड्ज क्षीण ऐकू येईल आणि भिंतीला टेकून बसलेल्याला तोच अवाजवी मोठा वाटेल. दारे, खिडक्या, कपाटे यांमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे सरकतात. पण तत्त्व बदलत नाही. लांबी आणि रुंदी सारखी असलेली चौरस खोली तर याहून वाईट, कारण तेथे दोन्ही दिशांचे सूर एकमेकांवर चढतात.

या गणितातून स्पीकरच्या आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. दुकानात आठ इंची शंकूचा स्पीकर अधिक दिमाखदार वाटतो, आणि थोडे पैसे अधिक टाकले की तो मिळतोही. परंतु तो खाली जे चाळीस-पन्नास हर्ट्‌झचे खर्ज निर्माण करतो, नेमके तेच या लहान खोलीला पेलत नाहीत. जास्त पैसे देऊन जास्त गोंधळ विकत घेतल्यासारखे होते. १२ फुटी खोलीला पाच इंची शंकूची जोडी पुरेशी आहे. त्याहून लहान खोलीत चार इंचीवरही भागते. वेगळा खर्ज-स्पीकर, म्हणजे सबवूफर, अशा खोलीत आणूच नये.

स्पीकरच्या खोक्यावरील आकडे वाचण्याचीही एक दृष्टी लागते. उदाहरणादाखल यामाहाच्याच ‘एचएस ५’ या पाच इंची स्पीकरची माहिती पाहावी. तो ५४ हर्ट्‌झपासून ३०,००० हर्ट्‌झपर्यंत वाजतो असे तिच्यात म्हटलेले आहे. पण त्यापुढे ‘उणे १० डेसिबेल’ हे शब्द आहेत. याचा अर्थ असा की ५४ हर्ट्‌झचा स्वर निघतो खरा, परंतु तो १० डेसिबेलने मंद. ३ डेसिबेलची कसोटी लावली तर हाच आरंभ ७४ हर्ट्‌झवर येतो. काळी एकचा खर्ज षड्ज सुमारे ६९ हर्ट्‌झचा, म्हणजे तोही या मर्यादेच्या किंचित खालीच. यात फसवणूक नाही. दोन्ही आकडे कंपनीने दिलेले आहेत. पण दोन स्पीकरांची तुलना करताना एकाचा एक आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा घेतला तर निष्कर्ष चुकतो. ज्या स्पीकरच्या आकड्यापुढे डेसिबेलचा उल्लेखच नाही, त्या आकड्यावर विसंबू नये.

वॅटच्या आकड्याचेही असेच. वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो अशी समजूत आहे. वास्तविक शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो, आणि एवढी वाढ कानाला जेमतेम जाणवते. हात-दीड हाताच्या अंतरावर बसून ऐकणाऱ्याला प्रत्येक स्पीकरमागे तीस-चाळीस वॅट विपुल होतात. त्यापेक्षा स्पीकरमध्ये अँप्लिफायर अंतर्भूत आहे की नाही हे पाहावे. असा अंतर्भूत अँप्लिफायर असलेल्या स्पीकरला ‘अॅक्टिव्ह’ म्हणतात. चांगल्या प्रतीच्या जोडीत मोठ्या शंकूला आणि वरच्या स्वरांच्या लहान घुमटाला निरनिराळे अँप्लिफायर दिलेले असतात. वेगळा अँप्लिफायर घेण्याचा खर्च आणि तो जुळेल की नाही ही चिंता, दोन्ही यामुळे वाचतात. पाठीमागे खर्ज कमी करण्याची कळ असावी, कारण स्पीकर भिंतीजवळ ठेवला की खर्ज वाढतो आणि तो या कळीने उतरविता येतो. ‘एचएस ५’ मध्ये ५०० हर्ट्‌झखालील भाग २ किंवा ४ डेसिबेलने कमी करण्याची सोय आहे; इतर चांगल्या कंपन्यांच्या स्पीकरांतही अशा कळी आढळतात. बॅलन्स्ड केबल जोडण्याची सोय हवी, म्हणजे तारांत शिरणारी घरघर बरीच टळते. अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतीत ही घरघर हमखास येते; तेव्हा तीन पिनांचा प्लग तोडून दोन पिनांवर भागविण्याचा धोकादायक मार्ग न पत्करता आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

खरेदीपूर्वी ऐकून पाहणे शक्य असेल तर अवश्य ऐकावे. मात्र दुकानदार जे वाजवितो ते ऐकू नये. आपल्या परिचयाची तीन मुद्रणे बरोबर न्यावीत. एक घरातील माणसाच्या साध्या बोलण्याचे, एक तंबोऱ्याचे आणि एक तबल्याचे. बोलणे ऐकताना तो माणूस समोर बसला आहे असे वाटावे. तो डब्यात तोंड घालून किंवा नाक दाबून बोलत आहे असे वाटू नये. तंबोऱ्यात चारही तारा वेगवेगळ्या कळाव्यात. डग्ग्याच्या घुमाऱ्यात स्वराचा चढउतार ऐकू यावा, नुसता धप्प आवाज येऊ नये. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवणे फार अगत्याचे आहे. मंद आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखविले आहे. त्यामुळे जी जोडी किंचित मोठ्याने वाजते तीच ग्राहकाला अधिक भरदार वाटते, आणि केवळ एवढ्यावरून निवड होऊन बसते.

वापरलेली जोडी स्वस्तात मिळत असेल तर घ्यावयास हरकत नाही. मात्र शंकूच्या कडेचा मऊ पट्टा बोटाने हळूच चाचपून पाहावा. हा पट्टा फोमचा असेल तर कालांतराने, विशेषतः मुंबई-गोव्यासारख्या दमट हवेत, तो झिजून चुरा होतो. एकच आवाज दोन्ही स्पीकरांवर सारख्या प्रमाणात सोडला असता तो बरोबर मधोमध ऐकू यावा. तो एका बाजूस ओढला जात असेल तर जोडीतील एक स्पीकर बिघडलेला आहे असे समजावे.

किमती शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. म्हणून रकमेपेक्षा प्रमाण सांगणे अधिक उपयोगाचे. दहा रुपये असतील तर त्यांतील सहाच स्पीकरवर खर्च करावेत, तीन खोलीसाठी राखावेत आणि उरलेला एक केबल व स्टँडसाठी. अनेकजण दहाही रुपये स्पीकरवर घालवितात आणि मग तो खिडकीच्या कट्ट्यावर किंवा कपाटाच्या खणात कोंबतात. अशा ठिकाणी उत्तम स्पीकरचीही वाचा जाते.

स्पीकर मांडण्यास पैसा लागत नाही, केवळ एक टेप लागते. खोलीच्या आखूड भिंतीकडे तोंड करून बसावे, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल. डावी आणि उजवी भिंत समान अंतरावर असावी. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. प्रत्येक बाजू सुमारे एक मीटर. वरच्या स्वरांचा घुमट कानाच्या उंचीला यावा. ऐन मध्यावर बसण्याचे तोटे वर आलेच आहेत. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर बसून आरंभ करावा आणि मग थोडे पुढेमागे सरकून पाहावे. स्पीकर भिंतीपासून किती दूर, हाही विचार हवा. शंकूपासून मागची भिंत एक मीटरवर असेल तर परतणारी लहर ८६ हर्ट्‌झच्या आसपास मूळ आवाज खाऊन टाकते. तेच अंतर ३५ सेंटिमीटर केले तर हा खड्डा २४५ हर्ट्‌झवर जातो, आणि तेथे जाड गादीने त्याचा थोडाफार बंदोबस्त करता येतो. म्हणून लहान खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवून खर्जाची कळ उतरविणे हेच शहाणपणाचे.

गादीचा उल्लेख आला तो उगाच नाही. ध्वनी शोषण्यासाठी भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटविण्याची प्रथा दूरवर पसरली आहे. त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. पातळ फोमच्या चौकोनांनी केवळ वरचे स्वर मरतात आणि खोली कोंदट वाटू लागते. शोषणाला जाडी लागते. ज्या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा शोषकाच्या जाडीएवढा असतो, तिथपासून वरचे स्वर तो चांगले शोषतो. १० सेंटिमीटर जाडीची कापसाची गादी भिंतीला चिकटवून उभी केली तर तिचा प्रभाव सुमारे ८६० हर्ट्‌झच्या वर दिसतो. तीच भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे ओढली तर ही मर्यादा ४३० हर्ट्‌झपर्यंत खाली येते. ती कोठे ठेवावी हे आरशाने ठरते. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशात जेथे स्पीकर दिसेल तेथे गादी हवी. पाठीमागे पुस्तकांनी भरलेले कपाट, फरशीवर सतरंजी आणि कोपऱ्यांत गुंडाळलेल्या गाद्या, एवढ्याने बराच फरक पडतो. खोलीत मध्ये उभे राहून टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणाट उमटला नाही, म्हणजे काम रुळावर आले.

यानंतर उरतो तो सराव, आणि त्याला कोणताही पर्याय नाही. ज्या मुद्रणांचा उत्तमपणा सर्वमान्य आहे अशी काही मुद्रणे रोज अर्धा तास या स्पीकरवर, याच खोलीत, याच आवाजाच्या पातळीवर ऐकावीत. ही पातळी शेजारी बसलेल्याशी थोडा आवाज चढवून बोलता यावे एवढीच असावी. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक ऐकल्यास श्रवणशक्तीस अपाय संभवतो, आणि ती गेली तर दुसरी विकत मिळत नाही. काही आठवड्यांनी कान शिकतात की या खोलीत चांगले मुद्रण असे वाजते. मग स्वतःच्या कामातील उणीव त्यांना आपोआप खटकते. खर्जाबाबत शंका वाटल्यास हेडफोन लावून पाहावा, कारण त्याला खोली नसते. सरतेशेवटी तयार झालेले मुद्रण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही ऐकावे. तेथे डग्गा लुप्तच होतो, तरीही शब्द आणि सूर शाबूत राहिले पाहिजेत. कारण बहुसंख्य श्रोते ते तेथेच ऐकणार असतात.

एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. मूळ मुद्रण, कोणताही संस्कार न केलेले, निराळे जपून ठेवावे. ऐंशी वर्षांच्या आजीने आज गायिलेली ओवी पुढच्या वर्षी तिला आठवेलच असे नाही, आणि गुरूने एकदाच सांगितलेली जागा पुन्हा तशीच येईल असेही नाही. स्पीकर बदलेल, खोली बदलेल, आज अजाणतेपणी कापलेला खर्ज उद्या चुकीचा ठरेल. मूळ जवळ असेल तर ती चूक दुरुस्त करता येते. बेताच्या किमतीचा, स्वभाव ओळखीचा झालेला आणि योग्य जागी ठेवलेला स्पीकर एवढेच करतो की ती चूक होण्याआधी ऐकणाऱ्याला सावध करतो. ज्याच्या हाती दुसऱ्याचा आवाज सोपविलेला आहे, त्याला याहून अधिक मागण्याची गरज नाही.